गव्हाणीतला ग

नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. सुरुवातीच्या गीतांचे शब्द मराठी असले, तरी चाली बहुतेक साहेबाच्या मुलखातल्या. खेड्यातल्या बायांच्या तोंडी त्या बसायच्या नाहीत. पुढे १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, नगरला राहून ओवी-अभंगाच्या वळणाची भजनं रचली, आणि जात्यावर बसणाऱ्या बाईला ख्रिस्तजन्माचं गाणं आपलंसं वाटू लागलं.

आमची आजी त्यातलीच. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे लागले की रात्री जेवणं उरकून घरात गाणी व्हायची. साल १९६२-६३ असेल. एक कंदील, टाळांची जोडी आणि पानं सुटलेलं गीतांचं पुस्तक. आजीला गाणी तोंडपाठ, अक्षरओळख मात्र शून्य. आई चौथी शिकलेली. ती म्हणायची, "आत्याबाई, गाणं पळवू नका. बोट ठेवा अन् मगच पुढचा शब्द म्हणा."

शब्द आधीच जिभेवर होता, फक्त तो कागदावर कसा दिसतो तेवढंच बघायचं होतं. गव्हाणीतला ग, मेंढरातला म, ताऱ्यातला त. पाटी-पुस्तकाला लाजणारी आजी गाण्याला लाजत नव्हती. आम्हा पोरांचंही शिक्षण त्यातच व्हायचं. योसेफ-मरिया बेथलेहेमला का गेली, तर सरकारी नावनोंदणीसाठी. मग वडील खानेसुमारी म्हणजे काय ते सांगायचे. गव्हाण काय ते कुणी सांगायची गरजच नव्हती, ती गोठ्यात होती. अन् मेंढपाळ म्हणजे आमच्या रानात मेंढरं बसवणारे धनगरच.

हा खेळ नव्हता. चुलते मुंबईला गिरणीत होते. त्यांचं कार्ड आलं की पोस्टमन ओट्यावर उभा राहून वाचायचा. घरातलं दुखणं, कुणाची उसनवारी, सगळं आळीभर व्हायचं. म्हणून चुलते मोजकंच लिहायचे, अन् आजी उत्तरात त्याहून मोजकं सांगायची.

तिसऱ्या नाताळात कार्ड आलं, तेव्हा आजीनं ते पोस्टमनच्या हातातून घेतलं आणि म्हणाली, "राहू दे रे बाबा, वाचते मी." आत जाऊन बराच वेळ ती बोट फिरवत बसली. त्यात काय होतं, ते तिनं आम्हाला कधी सांगितलं नाही.