न्यायमूर्ती रानडे आणि दख्खनची कर्जबाजारी रयत

पुण्याच्या पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी सन १८७० च्या सुमारास लोकांत फार कुरबूर होती. देवस्थानच्या पंचांना जाब कोणी विचारावा, हा प्रश्न निघाला आणि त्यातूनच २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभेचा जन्म झाला. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका हे तिचे खरे चालक. सभेचे ९५ प्रतिनिधी होते व त्यांना सुमारे ६,००० लोकांनी मुखत्यारपत्रे लिहून दिली होती. देवळाच्या कारभारावरून निघालेली ही सभा पुढे साऱ्या दख्खनच्या रयतेचे गाऱ्हाणे सरकारपुढे मांडू लागली, याचे मोठे श्रेय दुसऱ्याच वर्षी पुण्यास आलेल्या एका न्यायाधीशाकडे जाते. ते म्हणजे कै. महादेव गोविंद रानडे. मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या या स्मरणिकेत त्यांची आठवण अस्थानी ठरणार नाही.

माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव तेथील मामलेदार कचेरीत कारकून होते. पुढे ते कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत गेले. लहानपणी माधवराव अबोल व दिसण्यास मंद होते. हा मुलगा पुढे नाव काढील असे घरात कोणास वाटत नसे. परंतु मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ साली झाली तेव्हा उत्तीर्ण झालेल्या मोजक्या मुलांत ते होते. १८६२ साली बी. ए., १८६४ साली एम. ए. व १८६६ साली एल्एल. बी. झाले. अतिवाचनाने डोळे मात्र कायमचे अधू झाले. काही काळ संस्थानी नोकरी व एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन करून १८७१ च्या अखेरीस ते पुण्यास फर्स्ट क्लास सबजज्ज म्हणून आले.

त्या काळी दिवाणी कोर्टात कुणब्यांवरील दाव्यांची रीघ लागलेली असे. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, सावकाराने हात सैल सोडला व कुणब्याने कर्ज काढले. युद्ध संपताच भाव कोसळला. त्यातच इंदापूर, भीमथडी वगैरे तालुक्यांत फेरजमाबंदी होऊन सारा एकदम वाढला. शिवाय १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताला तीन वर्षांची मुदत घातली होती. कायदा केला कुळाच्या सोयीसाठी, परंतु झाले उलटेच. मुदत संपण्यापूर्वी सावकार नवे खत लिहून घेई, व्याज मुदलात मिळवी आणि निरक्षर कुळ खाली नांगराची निशाणी करी. दावा लागला की कुळ कोर्टात येतच नसे. एकतर्फी हुकूमनामा होऊन बैल-जमीन लिलावात निघे. कागद पाहिला तर सर्व कायदेशीर! न्यायाधीशाला कागदामागे जाण्याची फारशी मुभा नव्हती.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे (हे गाव आज बारामती तालुक्यात आहे) बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला आणि पुणे व नगर जिल्ह्यांत लोण पसरले. बहुतेक ठिकाणी लोकांना पाहिजे होती ती खते आणि रोखे. कागद हाती लागले की ते जाळीत.

रानडे सरकारी नोकर असल्याने सभेचे पदाधिकारी नव्हते, पण सभेमागची बुद्धी त्यांची होती. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची हकीकत गोळा करून सरकारकडे अर्जांवर अर्ज पाठविले. १८७८ साली सभेचे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. त्यातील पुष्कळसे लेख रानड्यांच्या हातचे. हे सरकारला रुचले नाही. त्याच वर्षी त्यांची नाशिकला बदली झाली. मे १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाची धामधूम चालू असताना पुण्याच्या बुधवार वाड्याला आग लागली आणि रानड्यांना तातडीने धुळ्यास पाठविण्यात आले. तेथे त्यांचे टपाल फोडले जाई. फडक्यांच्या नावाची बनावट पत्रेही त्यांना आली. ती त्यांनी सरळ पोलिसांकडे दिली. ना नोकरी सोडली, ना लेखणी थांबविली.

अखेर १८७९ साली दख्खन शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, नगर व सोलापूर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. कोर्टाने नुसते खत न पाहता व्यवहाराचा मुळापासून हिशेब पाहावा, हप्ते बांधून द्यावेत, पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, सावकाराने वसुलीची लेखी पावती द्यावी, असे त्यात ठरले. दाव्यापूर्वी तडजोड करून देणारे इसमही नेमले गेले. १८८१ पासून रानडे डॉ. पोलन या स्पेशल जज्जांच्या हाताखाली पुणे व सातारा जिल्ह्यांतील कोर्टे तपासू लागले आणि १८८७ साली स्वतः स्पेशल जज्ज झाले. हाच त्यांच्या नोकरीतील सर्वांत मोलाचा काळ म्हटला पाहिजे. ज्या रयतेविषयी त्यांनी लिहिले होते, तिचीच दप्तरे आता त्यांच्यापुढे उघडली जात होती.

मात्र कायद्याने सर्व दुखणे गेले नाही. सावकार गहाणखताऐवजी नावापुरते खरेदीखत करून घेऊ लागले. रानडे सावकाराला सरसकट दोष देत नसत. पेरणीला पैसा लागतोच, आणि सरकारचा साराही वेळेवर भरावा लागतो. स्वस्त कर्जाची सोय झाल्याशिवाय कुणबी सुटणार नाही, असे त्यांचे मत होते. म्हणून विल्यम वेडरबर्न यांच्याबरोबर त्यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी पेढीची योजना आखली. व्हाइसरॉय रिपन यांच्या सरकारने १८८४ साली ती उचलून धरली, परंतु विलायतच्या सरकारने नाकारली.

त्यांची इतर कामेही थोडी नव्हती. १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला व १८८४ साली हुजूरपागेतील मुलींचे हायस्कूल सुरू झाले, त्यांत त्यांचा मोठा वाटा होता. दयानंद सरस्वतींच्या मिरवणुकीत चालताना त्यांनी अंगावर चिखल झेलला. धर्माच्या बाबतीत ते प्रार्थना समाजाचे. मूर्तिपूजेविषयी त्यांचे मत वेगळे होते, हे लपविण्याचे कारण नाही. तथापि पहाटे उठून तुकोबा-नामदेवांचे अभंग म्हणण्याचा त्यांचा परिपाठ होता आणि म्हणताना डोळ्यांना धारा लागत, असे पत्नी रमाबाई यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे.

१८९३ साली न्या. तेलंगांच्या निधनानंतर ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे देहावसान झाले. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली आला, आणि पुरंदरसाठी नाकारलेली स्वस्त कर्जाची सोय सोसायटीच्या रूपाने हळूहळू गावोगावी पोहोचली.