वेष्टनावरचा हिशेब

‘इंडी’ हा शब्द आज एका विशिष्ट धाटणीच्या गिटारप्रधान रॉक संगीतासाठी वापरला जात असला, तरी ब्रिटनमध्ये तो रूढ झाला तेव्हा त्याचा संबंध सुरांशी कमी आणि व्यापाराशी अधिक होता. ‘इंडिपेंडंट’ म्हणजे स्वतंत्र, या शब्दाचे हे लघुरूप; आणि स्वतंत्र कोणापासून, तर ध्वनिमुद्रणापासून वितरणापर्यंतची सारी साखळी ज्यांच्या हाती होती त्या मोजक्या बड्या कंपन्यांपासून. या साखळीबाहेर निघालेली तबकडी श्रोत्यापर्यंत पोहोचायची कशी, हा प्रश्न १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ऐरणीवर आला.

बझकॉक्स या मँचेस्टरच्या बँडने आप्तमित्रांकडून सुमारे ५०० पौंड उसने घेऊन जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची छोटी तबकडी काढली आणि पहिल्या खेपेस तिच्या १,००० प्रती करून घेतल्या. तिच्या वेष्टनावर प्रत्येक गाणे कितव्या ‘टेक’मध्ये, म्हणजे कितव्या प्रयत्नात, मुद्रित झाले आणि त्यावर किती ‘ओव्हरडब’, म्हणजे मागाहून चढवलेले थर, आहेत याची नोंद होती. पुढच्याच वर्षी लंडनच्या स्क्रिटी पोलिट्टी या बँडने तर ध्वनिमुद्रणाला किती पैसे पडले, तबकड्या काढायला किती, मधल्या गोल लेबलांना किती, हा सारा तपशील फोटोकॉपी केलेल्या वेष्टनावर वाण्याच्या बिलासारखा मांडला. बड्या कंपन्यांच्या कचेऱ्यांबाहेर सहसा न जाणारी ही माहिती गिऱ्हाइकाच्या हाती पडू लागल्यामुळे तबकडी विकत घेणाऱ्यांतूनच पुढची तबकडी काढणारे निघाले. नव्या बँडांच्या शोधाकडे केवळ रसिकांची हौस म्हणून पाहिले, तर नेमकी हीच बाजू नजरेआड होते.

या तबकड्यांना दुकान मिळाले ते पश्चिम लंडनमध्ये जेफ ट्रॅव्हिस यांनी १९७६ मध्ये उघडलेल्या ‘रफ ट्रेड’चे. तेथे विक्रीबरोबर घाऊक वितरणही सुरू झाले आणि पुढे यॉर्कचे रेड ऱ्हायनो, लिव्हरपूलचे प्रोब, ब्रिस्टलचे रिव्हॉल्व्हर अशा प्रादेशिक व्यापाऱ्यांसह ‘कार्टेल’ नावाची जोडणी उभी राहिली. एका गावातली तबकडी दुसऱ्या गावात मिळू लागली ती या जोडणीमुळे.

दुकानापाशी न पोहोचणाऱ्यांसाठी बीबीसी रेडिओ १ वर जॉन पील होते. १९६७ पासून २००४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी तेथे अनोळखी बँडांच्या तबकड्या वाजवल्या, प्रसंगी चुकीच्या वेगानेही. त्यांच्या कार्यक्रमासाठी होणारे ‘सेशन’ म्हणजे बँडने बीबीसीच्या स्टुडिओत येऊन बहुधा एका दिवसात मुद्रित केलेली चारेक गाणी. सप्टेंबर १९७८ मध्ये त्यांनी डेरीच्या अंडरटोन्स या बँडचे ‘टीनेज किक्स’ हे गाणे, जे बेलफास्टच्या ‘गुड व्हायब्रेशन्स’ या छोट्या लेबलने काढले होते, लागोपाठ दोनदा वाजवले.

असे कार्यक्रम श्रोते कॅसेटवर उतरवून घेत आणि कॅसेट मित्राच्या हाती देत. घरगुती मुद्रणामुळे संगीताचा जीव जात असल्याची ओरड ब्रिटिश कंपन्यांच्या संघटनेने १९८१ मध्ये सुरू केली. त्याच वर्षी ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाने रफ ट्रेडच्या साह्याने वाचकांसाठी ‘सी८१’ ही कॅसेट काढली. कोऱ्या कॅसेटींच्या सी६०, सी९० या नावांवरून बेतलेले हे नामकरण खोडसाळच म्हणायला हवे.

स्वतंत्र तबकड्यांची वेगळी विक्रीयादी जानेवारी १९८० पासून छापली जाऊ लागली होती आणि तिचा निकष वितरणाचा होता, संगीताचा नव्हे. २२ बँडांच्या ‘सी८६’ या १९८६ च्या कॅसेटीनंतर मात्र लोकांच्या तोंडी ‘इंडी’ म्हणजे किणकिणत्या गिटारी असा अर्थ बसत गेला, जरी त्या कॅसेटीवर कर्कश, आडमुठे बँडही पुष्कळ होते. यादीचा निकष तसाच राहिल्याने १९८८ मध्ये कायली मिनोग यांचे निखळ बाजारी नृत्यगीत स्वतंत्र वितरकाच्या बळावर तिच्या शिरोभागी जाऊन बसले. १९९१ मध्ये रफ ट्रेडचा वितरण व्यवसाय कोसळला, तेव्हा अनेक छोट्या लेबलांची येणी त्याच्या खातेवहीत अडकलेली होती.