दिनविशेष : १९ नोव्हेंबर – एशियाडची शिडं मुंबई बंदरात

१९८२ साली आजच्या दिवशी दिल्लीत नवव्या आशियाई क्रीडास्पर्धांचं उद्घाटन झालं. दिल्लीला समुद्र नाही, म्हणून शिडाच्या नौकांच्या शर्यती मुंबई बंदरात झाल्या. १८४६ पासून यॉट क्लबची परंपरा असलेल्या या शहराचा तो हक्कच होता.

फायरबॉल ही जेमतेम १६ फुटांची, दोघांनी हाकायची नौका. एकानं सुकाणू धरायचं, दुसऱ्यानं डोलकाठीच्या तारेला लटकून अख्खं शरीर पाण्यावर झोकून द्यायचं, तेव्हा कुठे ती सरळ राहते. सकाळचे मतलई वारे पडतात, दुपारनंतर समुद्राकडून वारा उठतो; या बदलाचा अंदाज ज्याला, त्याची नौका पुढे. फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी या प्रकारात भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. एंटरप्राइज प्रकाराचं सुवर्ण पाकिस्तानच्या बायराम आणि गोशपी अवारी या पारशी दाम्पत्याचं. आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या गोशपी या पहिल्या पाकिस्तानी महिला. मुंबईच्या पाण्यावर लिहिलेलं हे पान क्रिकेटच्या गर्दीत फार मागे पडलं, याची खंत वाटते.

तारापोर पुढे १९८४, १९८८ आणि १९९२ अशा तीन ऑलिंपिकमध्ये भारताकडून उतरले.