राजकारणी पती, दूरचे घर आणि खुशालीची पत्रे : यशवंतराव व वेणूताई चव्हाण यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

सोलापूर जिल्ह्यातील माढा व करमाळा, पुणे जिल्ह्यातील इंदापूर व दौंड आणि अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातील कर्जत या तालुक्यांना भिडलेल्या उजनी जलाशयाला 'यशवंतसागर' हे नाव आहे. भीमा नदीवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. काठच्या गावांत मात्र हे नाव कागदोपत्री अधिक आणि तोंडी कमी आढळते. लोक 'उजनी' किंवा नुसते 'धरण' म्हणतात. ज्यांच्या नावाने हे पाणी ओळखले जाते, त्या यशवंतराव चव्हाणांचे सार्वजनिक कार्य आपण वर्गात शिकवतो. दूर असताना त्यांना घरची बातमी कशी कळत असे आणि त्यांची बातमी घरी कशी पोहोचत असे, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. प्रस्तुत लेखात तोच विचारला आहे. प्रश्न घरगुती असला, तरी त्याचे उत्तर घरापुरते राहत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

बातमी आणि अटक :

यशवंतराव आणि फलटणच्या मोरे घराण्यातील वेणूताई यांचा विवाह २ जून १९४२ रोजी झाला. जेमतेम दोन महिने उलटतात तोच 'छोडो भारत' आंदोलनाची हाक आली आणि यशवंतराव भूमिगत झाले. सातारा जिल्ह्यातील भूमिगत चळवळीचे ते एक प्रमुख सूत्रधार होते. अशा माणसाला टपालाचा उपयोग नसतो. घरची खुशाली येते ती विश्वासू माणसाच्या तोंडून, उशिरा आणि तुटक. शिवाय निरोप आणणाऱ्याच्या मागावर पोलीस असण्याची धास्ती असतेच.

आणि बातम्याही साध्या नव्हत्या. लग्नानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला, जानेवारी १९४३ मध्ये, वेणूताईंना अटक झाली. नववधूचा गुन्हा एवढाच की, तिचा पती सापडत नव्हता. त्याच वर्षी थोरले बंधू ज्ञानोबा निवर्तले. पुढे सुटका झालेल्या वेणूताई माहेरी फलटणला आजारी असल्याचे यशवंतरावांना कळले. ते भेटीस गेले आणि तेथेच पकडले गेले.

चळवळीच्या इतिहासात ही अटक एका ओळीत येते. भावनेच्या भरात दक्षता सुटली, असा तिचा अर्थ लावणे सोपे आहे. प्रस्तुत लेखकास तो पटत नाही. जिने पतीच्या राजकारणाची किंमत स्वतः तुरुंगात जाऊन मोजली होती, तिच्या आजाराची वार्ता ऐकून न जाणे हाही एक निर्णयच ठरला असता, आणि त्याचे समर्थन करणे अधिक अवघड झाले असते. वर्षभर पोलिसांना जे साधले नाही ते एका घरगुती बातमीने साधले, हे मात्र खरे.

येथे लोकमान्य टिळकांची आठवण होते. १९०८ ते १९१४ या काळात ते मंडालेच्या तुरुंगात होते आणि १९१२ मध्ये सत्यभामाबाईंचे पुण्यास निधन झाले. त्यांना ती बातमी तुरुंगातच ऐकावी लागली. उठून जाण्याचा मार्गच नव्हता. यशवंतरावांना तो होता, म्हणूनच त्यांच्यापुढे पेच होता.

परदेशातून लिहिलेली पत्रे :

नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. पुढे गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही खाती त्यांनी सांभाळली. अर्थ व परराष्ट्र खात्यांमुळे परदेश दौरे वाढले. या दौऱ्यांतून त्यांनी वेणूताईंना लिहिलेली पत्रे 'विदेश दर्शन' या ग्रंथात संकलित आहेत. प्रवास, पाहिलेली शहरे, भेटलेली माणसे हे सारे पत्नीला सांगण्याच्या ओघात त्यात येते. परराष्ट्र धोरणाचा अभ्यासक ही पत्रे मुत्सद्देगिरीच्या तपशिलासाठी वाचील. परंतु त्यांचा मायना विसरून चालणार नाही. खात्याच्या टिपणात जे लिहिता येत नाही, ते घरच्या माणसाला लिहिता येते. तेथे मंत्र्याला मंत्री असावे लागत नाही.

या साधनाचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते. यशवंतरावांचे आत्मचरित्र 'कृष्णाकाठ' १९८४ साली प्रसिद्ध झाले. त्यातील कथन १९४६ पाशी थांबते. १ जून १९८३ रोजी वेणूताई गेल्या आणि २५ नोव्हेंबर १९८४ रोजी यशवंतरावही गेले. पुढचे खंड लिहायचे राहिले. त्यामुळे सत्तेच्या काळातील यशवंतराव त्यांच्याच शब्दांत, अनौपचारिकपणे भेटतात ते बव्हंशी या पत्रांत.

मर्यादाही स्पष्ट आहे. ग्रंथात लिहिणारा एकच आहे. वेणूताई ज्यांना पत्र लिहिले जाते त्या आहेत. त्या काय विचारत, कशाने काळजीत पडत, हे पतीच्या मजकुरावरून ताडावे लागते. कराडला त्यांच्या नावाचे स्मारक आहे, ते यशवंतरावांनीच उभारलेल्या न्यासाचे. म्हणजे स्मृतीही पतीच्या हातूनच आपल्यापर्यंत आली. स्त्रियांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना ही अडचण नवी नाही. प्रत्येक पत्र कोणत्या प्रश्नाचे उत्तर असावे, अशा उलट्या दिशेने वाचन करणे एवढाच मार्ग उरतो.

उजनीकाठची घरे :

हीच दृष्टी यशवंतसागराच्या काठी वापरता येईल. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पळसदेवचे जुने मंदिर पाणी ओसरले की उघडे पडते आणि वृत्तपत्रांत त्याची छायाचित्रे येतात. विस्थापित गावांतील कागदांकडे तेवढे लक्ष जात नाही. आमदार निवासात, जिल्हा परिषदेच्या बैठकांना वा पुनर्वसनाच्या कामासाठी कचेऱ्यांत दिवस काढणारा कार्यकर्ता आणि गावी शेती, गुरे व वृद्ध सासू-सासरे सांभाळणारी त्याची पत्नी, ही विभागणी ग्रामीण राजकारणात सर्रास आढळते. पोस्टकार्ड, आंतरदेशीय पत्र आणि एस.टी.ने येणाऱ्या माणसाकडचा निरोप यांवर असा संसार चाले. मोबाईल आल्यावर ते लिहिणेही थांबले. या घरांतील पत्रे व्यक्तींची नावे झाकून, कुटुंबाच्या संमतीने महाविद्यालयाच्या ग्रंथालयात प्रतिरूपात जतन करणे आपल्या आवाक्यातील आहे.

पत्रे नसतील तेथे मुलाखती घ्याव्या लागतील. त्यांत पतीच्या पदांविषयी विचारण्याआधी पत्नीला एक विचारावे : ज्या काळी वाचता येत नव्हते, त्या काळी घरी आलेले पत्र तुम्हांला कोण वाचून दाखवी, आणि उत्तरात सांगायचे काय मनातच राही?