देज ते हुंडा : महाराष्ट्रातील विवाहविषयक देवघेवीचे परिवर्तन

प्रस्तावना :

हुंडा ही भारतीय समाजातील अतिप्राचीन अनिष्ट रूढी आहे, अशा वाक्याने या विषयावरील बहुतेक लेखनाचा प्रारंभ होतो. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे झाल्यास हे वाक्य फार तर अर्धसत्य ठरेल. एकोणिसाव्या शतकात व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील अनेक शेतकरी, कारागीर व श्रमजीवी जातींमध्ये विवाहप्रसंगी द्रव्य वरपक्षाकडून वधूपक्षाकडे जात असे. त्यास 'देज' अशी संज्ञा होती. आज त्याच जातींमध्ये द्रव्याचा प्रवाह उलट दिशेने वाहतो आहे. हा बदल केव्हा व कशामुळे घडला, आणि त्याकडे दुर्लक्ष झाल्याने हुंडाविरोधी प्रयत्नांत कोणती उणीव राहिली, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. विवेचनाची व्याप्ती प्रामुख्याने महाराष्ट्रातील हिंदू समाजापुरती मर्यादित आहे.

शास्त्र आणि व्यवहार :

मनुस्मृतीत विवाहाचे आठ प्रकार सांगितले असून त्यांपैकी 'आसुर' विवाहात वर कन्येच्या नातलगांस द्रव्य देतो. कन्येच्या पित्याने शुल्क घेऊ नये, असेही त्याच ग्रंथात बजावले आहे. निषेध करण्याची वेळ यावी इतपत ही प्रथा रूढ होती, हे उघड आहे. ब्राह्म विवाहात कन्या अलंकृत करून दान करावी व दानाबरोबर दक्षिणा द्यावी, या कल्पनेतून 'वरदक्षिणा' आली. स्त्रीधन ही संकल्पना यांहून स्वतंत्र आहे. ते स्त्रीच्या मालकीचे धन होय. वरदक्षिणा व स्त्रीधन यांची सरमिसळ पुढे हुंड्याच्या समर्थकांना फार सोयीची ठरली.

कन्याविक्रय केवळ तथाकथित खालच्या जातींत होता, असाही समज आहे. तो बरोबर नाही. पेशव्यांच्या रोजनिशीवर विवेचन करताना न्या. महादेव गोविंद रानडे यांनी वाई प्रांतातील एका हुकमाकडे लक्ष वेधले आहे. कोणाही ब्राह्मणाने, मग तो श्रीमंत असो वा गरीब, कन्या देताना द्रव्य घेऊ नये, असा तो हुकूम होता. घेणारा पिता, देणारा वर आणि जुळवणारा मध्यस्थ अशा तिघांसही त्यात दंड सांगितला होता. पुढे १८९९ साली गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' रंगभूमीवर आले. त्यातील पिता द्रव्यलोभाने आपली अल्पवयीन कन्या वृद्धास देऊ पाहतो. ज्या प्रेक्षकांनी हे नाटक डोक्यावर घेतले त्यांच्या दृष्टीने सामाजिक दोष मुलीच्या बापाने पैसा घेण्यात होता, ही गोष्ट हुंड्याचा इतिहास लिहिताना सहसा ध्यानात घेतली जात नाही.

देज ही स्त्रीच्या सन्मानाची खूण होती, असा निष्कर्ष मात्र यावरून काढता येणार नाही. शेतात राबणारी, दळणकांडण करणारी, गुरे सांभाळणारी एक व्यक्ती माहेरातून सासरी जाते, तेव्हा माहेरच्या श्रमाची हानी भरून दिली जाई. मुलीचे मत विचारले जात नसे आणि रक्कमही तिच्या हाती येत नसे. तरीही एक फरक उरतो. देजाच्या व्यवस्थेत मुलगी जन्मली म्हणून कोणी कर्जबाजारी होत नसे.

लग्नखर्च व कर्ज यांचा संबंध इंग्रज अधिकारीवर्गाच्या लेखनात वारंवार येतो. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने मात्र लग्नसमारंभावरील खर्चास रयतेच्या कर्जबाजारीपणात अवास्तव महत्त्व दिले गेल्याचे मत नोंदविले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ पासून पुरोहिताविना, अल्प खर्चात विवाह लावले. त्या चळवळीचा रोख भटभिक्षुकांच्या दक्षिणेवर व विधींच्या अवडंबरावर होता. वराने मागावयाची रक्कम हा बहुजन समाजाचा मुख्य प्रश्न तेव्हा नव्हताच.

परिवर्तनाची कारणे :

मग देज लुप्त होऊन हुंडा आला कसा? समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९८४ मध्ये प्रकाशित झालेल्या आपल्या निबंधात आधुनिक हुंडा ही पारंपरिक स्त्रीधनाहून पूर्णतः वेगळी आणि ब्रिटिश काळातील शिक्षण, नोकऱ्या व रोख पैशाची अर्थव्यवस्था यांतून वाढलेली प्रथा असल्याचे प्रतिपादन केले. महाराष्ट्राच्या बाबतीत हे विवेचन बरेचसे लागू पडते. इंग्रजी शिक्षण घेऊन कारकुनी, वकिली वा मामलेदारी करणारा वर प्रथम उच्चवर्णीयांत दिसू लागला. त्याची संख्या अल्प आणि मागणी मोठी होती. हुंड्याचे आधुनिक रूप तेथे घडले.

बहुजन समाजात हा बदल उशिरा, मुख्यतः स्वातंत्र्यानंतर झाला, आणि त्याचा मार्ग दुहेरी होता. कुणबी व मराठा समाजात कुळांची उतरंड होतीच. पंचकुळी, सप्तकुळी, शहाण्णवकुळी असे भेद मानले जात आणि मुलगी वरच्या कुळात देण्याची आकांक्षा असे. ज्या घरात चार पैसे आले त्या घराने प्रथम स्त्रियांना शेतातून काढून घरात बसविले. शेतावर न जाणारी सून ही प्रतिष्ठेची बाब ठरली. तिच्या श्रमाचे मोल दिसेनासे झाले, तसा देज देण्याघेण्याचा आधारच नाहीसा झाला. देज घेणे हे हलकेपणाचे लक्षण ठरले. दुसरीकडे सिंचन, सहकारी साखर कारखाने, जिल्हा परिषदा व शिक्षणसंस्था यांतून पगारी नोकरदारांचा नवा वर्ग उभा राहिला. शिक्षक, तलाठी, अभियंता, प्राध्यापक असा वराचा दर्जा ठरला आणि दर्जानुसार भाव. संस्थेत नोकरी मिळविण्यासाठी द्यावी लागणारी 'देणगी' वधूपित्याकडून वसूल करण्याचा प्रकारही आपल्या वर्गास अपरिचित नाही. जी प्रक्रिया प्रगती म्हणून ओळखली गेली, तिच्याच पायरीपायरीने हुंडा खाली झिरपला. म्हणून शिक्षणाच्या प्रसाराने हुंडा आपोआप नष्ट होईल, या अपेक्षेस निदान आजवरच्या इतिहासात आधार सापडत नाही.

'हुंडा' हा शब्दही अलीकडे अनेक बैठकांतून उच्चारला जात नाही. मानपान, करणी, पोशाख, संसारोपयोगी वस्तू, 'मुलीच्या नावावर काहीतरी' अशी शब्दयोजना असते. लग्न ठरताना दोन्ही बाजूंनी मान्य करावयाची 'यादी' मात्र पुष्कळ ठिकाणी कागदावर उतरते. ज्या व्यवहारास कायदा गुन्हा मानतो त्याचाच लेखी पुरावा इतक्या निर्धास्तपणे तयार होत असेल, तर त्या कायद्याची समाजमनातील पत काय, हे वेगळे सांगावयास नको.

कायदा आणि कन्येचा वारसाहक्क :

हुंडाप्रतिबंधक कायदा १९६१ साली संमत झाला. विधेयकावर दोन्ही सभागृहांत मतभेद झाल्याने संसदेची पहिली संयुक्त बैठक याच कारणासाठी मे १९६१ मध्ये बोलवावी लागली. विवाहाचा 'मोबदला' म्हणून दिलेली मालमत्ता म्हणजे हुंडा, ही मूळ व्याख्या सिद्ध करणे दुष्कर होते. १९८४ च्या दुरुस्तीने ती 'विवाहाच्या संबंधात' अशी व्यापक झाली. १९८६ मध्ये शिक्षा कठोर झाल्या. भारतीय दंडविधानात १९८३ साली कलम ४९८-अ व १९८६ साली हुंडाबळीविषयक कलम ३०४-ब आले. १ जुलै २०२४ पासून या तरतुदी भारतीय न्याय संहितेत समाविष्ट आहेत. तरीही २०२२ या एका वर्षात देशात हुंडाबळीची सहा हजारांहून अधिक प्रकरणे नोंदली गेली.

प्रस्तुत लेखकास अधिक महत्त्वाची वाटणारी बाब निराळी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडलेल्या हिंदू कोड बिलात हुंडा म्हणून दिलेली मालमत्ता वधूची विश्वस्त निधी मानावी व ती अठरा वर्षांची झाल्यावर तिच्या स्वाधीन करावी, अशी तरतूद होती. याच बिलात कन्येच्या वारसाहक्काचा प्रश्नही होता. धनाची मालकी कोणाची, हा प्रश्न तेथे केंद्रस्थानी होता. बिलाचे तुकडे झाले. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीस पित्याच्या मालमत्तेत वाटा दिला, पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाप्रमाणे जन्मसिद्ध हक्क दिला नाही. विश्वस्ताची कल्पना १९६१ च्या कायद्यात सहाव्या कलमाच्या रूपाने उरली. तिची चर्चा क्वचितच होते.

महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना सहदायाद केले. मात्र कायदा अमलात येण्यापूर्वी विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या. लग्न झाले म्हणजे तिचा हिशेब मिटला, ही लोकसमजूत विधिमंडळाने एकप्रकारे मान्यच केली. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद गेला व २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. व्यवहारात अद्यापही वडिलांच्या पश्चात बहिणी हक्कसोड पत्रावर सह्या करतात आणि सातबाऱ्यावर भावांची नावे राहतात. 'तुझ्या लग्नात खर्च केला' हे त्यामागील कारण असते. तो खर्च ज्यांच्या हाती गेला त्यांत ती नव्हती.

सामाजिक परिणाम :

हुंडाबळी हा परिणाम सर्वांत दृश्य आहे. शांतपणे घडलेला परिणाम जनगणनेत दिसतो. महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती. २००१ मध्ये ती ९१३ व २०११ मध्ये ८९४ झाली. बीड जिल्ह्यात २०११ साली ती ८०७ होती. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ साली देशात प्रथम कायदा करणाऱ्या राज्याची ही आकडेवारी आहे. घसरणीस हुंडा हे एकमेव कारण नाही. परंतु मुलीच्या जन्माबरोबर कर्जाचा विचार मनात येणे हे देजाच्या काळात अशक्य होते. २०१७ साली मराठवाड्यातील एका शेतकऱ्याच्या मुलीने वडिलांवर आपल्या लग्नाचा भार नको म्हणून जीवन संपविले.

त्याच वर्षी राज्यातील बारावीच्या समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात, मुलगी कुरूप वा अपंग असणे हे हुंड्याचे एक कारण म्हणून दिल्याचे उघडकीस येऊन टीका झाली. ज्या प्रथेचा इतिहास सांगितला जात नाही, तिचे कारण शेवटी मुलीच्या शरीरात शोधले जाते.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेशात जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. शेती करणाऱ्या तरुणास मुलगी मिळत नाही, ही त्यांची तक्रार होती. अशा तरुणांकडून रक्कम घेऊन दूरच्या जिल्ह्यांतील वा परप्रांतातील मुली आणून देणारे दलाल आता ग्रामीण भागात वावरतात. पगारदार वराचा हुंडा मात्र यामुळे उतरलेला नाही. एकाच गावात, कधी एकाच भावकीत, नोकरदार मुलासाठी हुंडा घेतला जातो आणि शेती करणाऱ्या मुलासाठी दलालास पैसे मोजले जातात. वाई प्रांतातील हुकमाने दंडास पात्र ठरविलेल्या तिघांपैकी मध्यस्थ येथे पुन्हा दिसतो. या व्यवहारात बहुतेक रक्कम त्याच्याच पदरी पडते.