भीमाकाठचा गळ

सोलापूर जिल्ह्याचे नाव घेतले की ज्वारी, चादर, अवर्षण आणि पंढरीची वारी एवढे चित्र मराठी वाचकाच्या मनापुढे उभे राहते. त्यात मासा कोठेच नसतो, आणि असावा असे कोणास वाटतही नाही, कारण समुद्र सह्याद्रीपलीकडे राहिला आणि या मुलखात पोहोचला तो आठवडे बाजारात गोणपाटावर ओतलेल्या सुकट-बोंबलाच्या ढिगापुरता. अलिबागेकडचा गृहस्थ जिताड्याविषयी, म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्यात आणि शेतालगतच्या गोड्या तळ्यात सारख्याच सुखाने वाढणाऱ्या व साहेबलोक ज्याला कॉक-अप म्हणत त्या माशाविषयी, रंगात येऊन बोलू लागला की सोलापूरकर कौतुकाने ऐकतो आणि आपल्यापाशी सांगण्यासारखे काही नाही अशा समजुतीने गप्प बसतो. हे मौन अकारण आहे. भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावून, नरसिंहपुरास नीरेला आणि हत्तरसंग-कुडल येथे सीनेला पोटात घेऊन, पुढे रायचुराच्या बाजूस कृष्णेला मिळणारी भीमा ही केवळ तीर्थदायिनी नव्हे. तिच्या डोहांवर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरणारे लोक आहेत, त्यांची हत्यारे आहेत, त्या हत्यारांमागे एक विद्या आहे, आणि ती सारी विद्या वाहत्या पाण्याची आहे.

हे लोक म्हणजे मुख्यत्वे भोई आणि कोळी. भोयाचा पूर्वापार धंदा दुहेरी होता: खांद्यावर पालखी-मेणा वाहणे आणि नदीत जाळे टाकणे. कोळ्याकडे गावगाड्यात पाणी भरण्याचे व माणसे नदीपार करण्याचे काम असे, आणि बलुतेदारांच्या कित्येक याद्यांत त्याचे नाव आढळते. १६९५ पासून १६९९ पर्यंत आलमगीर बादशहाची छावणी भीमेच्या काठी ब्रह्मपुरीस, म्हणजे आजच्या माचणूराजवळ, तळ देऊन होती. तेथल्या सरदारांची, खिलतींची आणि मनसबींची बारीकसारीक नोंद फारसी दफ्तरांत झाली, परंतु ज्यांनी भर पुरात ती माणसे आणि तो सरंजाम पैलतीरी नेला असेल त्यांच्याकडे कोणा अखबारनविसाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. पंढरपुरात मात्र या लोकांना आगळे स्थान मिळाले. जेथे आषाढी-कार्तिकीला माळकऱ्यांची दाटी होते आणि मत्स्याहाराचा उच्चारही अप्रशस्त मानतात, त्याच वाळवंटातल्या पुंडलिकाच्या देवळाची पूजाअर्चा महादेव कोळ्यांकडे आहे, आणि विष्णुपदाकडे यात्रेकरूंना नेणाऱ्या होड्यांची वल्हीही त्यांच्याच समाजाच्या हाती राहिली. यात काही विसंगती आहे असे तेथे कोणास वाटत नाही. मलाही वाटत नाही. नदीवर ज्याचा जीव रोज टांगलेला, त्याने नदीतल्या देवाची पूजा करावी हे योग्यच आहे.

१८६० साली आगगाडी सोलापुरास आली आणि पुणे-सोलापूर हा दिवसांचा प्रवास तासांवर आला. पालखीचा मान लग्नकार्यात आणि देवाच्या उत्सवात काही काळ टिकला, तथापि धंदा म्हणून तो संपला. भोयाचा खांदा मोकळा झाला असे कोणी गमतीने म्हणेल. खरी गोष्ट अशी की त्या दिवसापासून भोयाचा संसार एकट्या जाळ्यावर आला.

ते जाळे, आणि त्याहून जुना गळ, जवळून पाहण्याजोगे आहेत. नायलॉन येण्यापूर्वी दोरा अंबाडीचा, तागाचा किंवा कापसाच्या पिळदार सुताचा असे. जाळे घरीच विणीत; त्याचा डोळा बोटांनी मोजीत, आणि किती बोटी जाळे आहे हे कळले म्हणजे जाणत्याला कोणता मासा कोणत्या महिन्यात धरायचा बेत आहे हेही कळे. सूत कुजू नये म्हणून बाभळीच्या सालीचा काढा उकळून त्यात जाळे बुडवीत, त्याला तांबूस काळसर रंग चढे, आणि तरीही रोज उन्हात पसरून वाळविल्याखेरीज ते हंगामभर पुरत नसे. फेकायच्या जाळ्याचा घेर गोल, कडेला शिशाच्या गुळ्या ओवलेल्या. ते टाकण्याची रीत अशी: मध्याची दोरी डाव्या मनगटाला गुंडाळायची, जाळ्याचा एक भाग कोपरावर घ्यायचा, कडेची एक गुळी दातांत धरायची, कंबर मागे फिरवून एका हिसक्यासरशी सारे सोडून द्यायचे आणि त्याच क्षणी दातांची पकड ढिली करायची. दात क्षणभर उशिरा सुटला तर जाळे वर्तुळाकार न पडता लांबट पडते आणि मासा त्या फटीतून निसटतो. फारच उशीर झाला तर दाताचे काय होते हे काठावरच्या वृद्धांच्या तोंडाकडे पाहिल्यास समजते.

गळाचे प्रकरण याहून निवांत. जुना गळ गावचा लोहार तारेला वाकवून आणि टोकाजवळ उलट काटा काढून घडवी. पुढे इंग्लंडातील रेडिच गावचे आणि नॉर्वेच्या मुस्ताद कंपनीचे यंत्रावर घडलेले गळ या देशात येऊ लागले आणि लोहाराचे ते काम कमी झाले. काठी वेळूची, पाण्यावर तरंगायला ज्वारीच्या धाटातला वाळका भेंड, जो या जिल्ह्यात कोणत्याही बांधावर फुकट मिळतो आणि बोटभर तुकड्याने काम भागवतो. आमिष मात्र माशाच्या स्वभावाप्रमाणे. शिंगाळा रात्रीचा आणि तळाचा, म्हणून त्याला गांडूळ, आणि दोरी भेंडाविना तळापर्यंत सोडलेली. वाम कपारीत आणि काठच्या बिळात अंग घालून बसते, तिला बिळाच्या तोंडाशीच गळ द्यावा लागतो. मरळीची गोष्ट सर्वांत चमत्कारिक: ती हवा घ्यायला वर येते, गढूळ आणि उथळ पाण्यातही तग धरते, आणि पिले झाली म्हणजे त्या तांबूस पुंजक्याखाली पहारा देत हिंडते. भोई तो पुंजका हेरतो, पाठीत गळ अडकवलेला जिवंत बेडूक त्यावरून हळूच ओढीत नेतो, आणि मरळ भुकेने नव्हे तर रागाने त्याच्यावर झेप घेते. आईच्या मायेवर लावलेला हा सापळा पाहिला की गळाविषयीचे आपले शांत, चिंतनशील चित्र थोडे डागाळते, हे कबूल केले पाहिजे.

या सर्व विद्येचा कळस म्हणजे चढण. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडून ओढे लाल पाण्याने वाहू लागले की अंडी टाकण्यासाठी मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, आणि त्या चढणीच्या माशांसाठी ओढ्याच्या तोंडाशी बांबूच्या कामट्यांचे सापळे रात्रीतून उभे राहतात. पाण्याचा रंग, फेसाची रेघ, वाऱ्याची दिशा आणि वरच्या अंगाला कोठे पाऊस झाला याची खबर, एवढ्यावरून पाणी किती घटकांत येणार याचा अदमास बांधणारी माणसे गावोगाव असत. उन्हाळ्यात नदी तुटून डोहच उरले की निराळा प्रकार चाले. गेळ्याची फळे ठेचून डोहात कालवीत आणि गुंगलेले मासे हाताने वेचून काढीत. पुढे खाणी आणि बांधकामे आली आणि त्यांच्याबरोबर सुरुंगाची दारू आली; ती डोहात पडू लागल्यावर लहानमोठा असा भेद उरेना. १८९७ चा मत्स्य अधिनियम सरकारने केला तो असे स्फोट आणि विषप्रयोग बंद पाडण्यासाठी. कायदा चांगला होता. अंमलबजावणीसाठी डोहावर रात्री बसणार कोण, हा प्रश्न मामलेदार कचेरीने पाटलाकडे आणि पाटलाने परमेश्वराकडे सोपविलेला दिसतो.

या विद्येची पहिली छापील नोंद एका लष्करी साहेबाने केली. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अहवाल तयार करण्याच्या निमित्ताने १८२४ पासून दख्खनभर फिरला, आणि दख्खनच्या माशांवरील त्याचा शोधनिबंध १८३९ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेतर्फे प्रकाशात आला. भीमा, मुळा-मुठा आदी नद्यांतून मिळालेल्या माशांना शास्त्रीय नावे देताना त्याने ग्रीक-लॅटिनचा फारसा पसारा न मांडता धरणाऱ्याच्या तोंडी असलेलीच नावे उचलली: खुद्री, मुसल्ला, कोळस, पोटील, नुक्ता, मुल्या, शिंगटी. ती त्याच्या इंग्रजी वर्णात आज जगभरच्या प्राणिशास्त्रात रूढ आहेत. खुद्री म्हणजे दख्खनचा महासीर, ज्याच्यासाठी पुढे गोरे शिकारी हेन्री सलिव्हन टॉमसचे १८७३ चे गळपुराण पेटीत घालून विलायती काठ्या आणि फिरक्या घेऊन नद्यांवर येत. साइक्सने नावे प्रामाणिकपणे घेतली याबद्दल त्याचे ऋण मानावेच. ती सांगणाऱ्या भोयांपैकी एकाचेही नाव त्याच्या लेखात आले असते तर ते अधिक शोभले असते.

इंग्रज अमदानीनेच या जिल्ह्यात थांबलेले पाणी मोठ्या प्रमाणावर आणले. अदिला नदी अडवून सोलापूरजवळ बांधलेला एकरुखचा तलाव १८७१ साली पुरा झाला, आणि आष्टीच्या तलावाच्या कामावर १८७६-७७ च्या भीषण दुष्काळातील हजारो हात राबले. तलावाबरोबर मक्ता आला. नदीचा डोह कोणी कोठवर पागायचा हे गावकीच्या स्मरणावर चाले. तलावाचे मासे मात्र सरकारी मिळकत ठरले आणि त्यांचा लिलाव होऊ लागला, म्हणजे ज्याला पोहता येते त्याच्यापेक्षा ज्याला अनामत भरता येते त्याचा हक्क वरचढ झाला. स्वातंत्र्यानंतर मच्छीमार सहकारी संस्थांना ठेके देण्याचे धोरण आले ते हा अन्याय काही अंशी दूर करण्यासाठीच. शहरात १८७७ पासून गिरण्यांचे भोंगे वाजू लागले होते, आणि गिरण्या-मागांच्या ओढीने तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी मृगाला मासा खाण्याची आपली चालही बरोबर आणली. शहराच्या पूर्व भागात त्या दिवशी मरळीला जो भाव येतो तो एरवी येत नाही.

येथवर मासे नदीचे होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर तेही बदलले. कटला, रोहू आणि मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले रहिवासी. त्यांचे बीज पूर्वी नदीच्या पुरातून गाळून घ्यावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात हिरालाल चौधुरी आणि त्यांचे सहकारी के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्याच मस्तकातील पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्याला बंदिस्त पाण्यात अंडी टाकावयास लावले, आणि मत्स्यबीज ही कारखान्यात काढता येण्याजोगी वस्तू झाली. त्याच्या पाच वर्षे आधी, १९५२ साली, सिंहलद्वीपातून तिलापिया या देशात आला होता. आपल्याकडे त्याची चिलापी झाली. चिलापीची मादी अंडी आणि पिले तोंडात धरून वाढवते, तिला ना चढणीची गरज ना पुराची, आणि म्हणून थांबलेल्या पाण्यात तिच्यापुढे कोणाचा निभाव लागत नाही.

तिच्यासाठी जणू मुद्दाम बांधावे तसे उजनी धरण १९८० साली माढा तालुक्यात उभे राहिले. यशवंतसागराचा साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट, आणि त्यापैकी निम्म्याहून अधिक मृतसाठा. कालव्याच्या दृष्टीने मृत म्हटलेले हे पाणीच दुष्काळात माशांना जिवंत ठेवते, ही पाटबंधारे खात्याच्या परिभाषेची नकळत झालेली थट्टा आहे. पळसदेवचे प्राचीन देऊळ पाण्याखाली गेले, ते उन्हाळ्यात वर डोकावते. ज्या लोहमार्गाने भोयाची पालखी खाली ठेवली होती तोच मार्ग जलाशयासाठी हलवावा लागला आणि डिकसळचा जुना रेल्वेपूल रस्त्याच्या रहदारीला उरला. भिगवणच्या बाजारात पहाटे चिलापीचे ढीग लागतात. जाळी नायलॉनची, गळाला तंगूस. वाळवण नाही, बाभळीचा काढा नाही, आणि दातांत गुळी धरण्याची गरजही नाही, कारण धरणात फेकजाळ्यापेक्षा रात्रभर ताणून ठेवलेली जाळीच अधिक भरतात. जाळ्याचा डोळा मात्र बोटाच्या हिशेबातून सुटला. कोणी इतक्या बारीक डोळ्याची जाळी लावतो की त्यात कटल्याचे बोटभर पिलूही सुटत नाही, आणि मग बीज सोडा म्हणून अर्ज करणारे आणि बीज गाळून नेणारे एकाच काठावर परस्परांना बोल लावतात. गिधाडांनी गाव सोडावे तसे महासीराने हे पाणी सोडले असे जुनी माणसे म्हणतात. त्याच खुद्रीची पैदास १९७० च्या सुमारापासून टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याजवळ वळवण येथे चालविली आणि तिचे बीज देशातल्या अनेक जलाशयांत गेले.

धरणाखाली, पंढरपूर आणि मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्यानंतर त्यांचे बरगे बसवतात, पुराआधी काढतात, आणि मधल्या काळात आषाढी वारीसाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी धरणातून पाणी सुटले की बंधाऱ्याच्या सांडव्याखाली मासा गोळा होतो. गळ घेऊन बसणारे तेथे त्या दिवसांत दाटीने दिसतात. पाणी कोणत्या तारखेला आणि किती क्युसेकने सुटणार हे त्यांना वर्तमानपत्रातून किंवा पाटबंधारे कचेरीतल्या कारकुनाच्या ओळखीतून समजते, आणि ज्याची अशी ओळख आहे तो आदल्या रात्रीच येऊन चांगली जागा धरतो.