कुमारांचा व्यायाम आणि कुमारांचे श्रम : एक साधनचिकित्सा

पूर्वीची मुले भरपूर हिंडत-खेळत, आताची बसून असतात, हे विधान इतक्या सहजपणे केले जाते की त्यास पुरावा कोणता, हे विचारण्याचे सुचतही नाही. बोरघाटाच्या माथ्यावर, लोणावळ्यास, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापिले. मुंबई सरकारने १९३७ साली नेमिलेल्या शारीरिक शिक्षण समितीचे तेच अध्यक्ष होते. अशा कार्याच्या आधारे शाळेतील व्यायामाचा इतिहास लिहिता येतो. परंतु त्याच घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीच्या आसमंतात, मोळी वाहणारी ठाकर मुलगी किंवा आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणारा कातकरी मुलगा त्या इतिहासात कोठे आढळावा?

आजची साधने तरी निर्दोष आहेत काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, २०१६ मध्ये जगातील ११ ते १७ वर्षांच्या शाळकरी मुलामुलींपैकी ८१ टक्क्यांची हालचाल रोज एक तासाहून कमी होती. मुलग्यांत हे प्रमाण ७८, मुलींत ८५. मात्र २००१ पासून मुलग्यांत किंचित सुधारणा झाली, मुलींत जवळजवळ नाही. म्हणजे रूढ समजुतीतील घसरण या पंधरा वर्षांत तरी दिसत नाही! शिवाय हे आकडे विद्यार्थ्यांनी स्वतः दिलेल्या उत्तरांवर आधारलेले. भट्टीवरचा मुलगा येथेही गणतीबाहेरच. त्याचे श्रम मोजल्यास सरासरी वाढेल, परंतु त्या वाढीस आरोग्य म्हणणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. खालापूर-कर्जतकडील शाळांच्या हजेरीपटांतील दिवाळीनंतरची गैरहजेरी या दृष्टीने तपासण्यासारखी आहे.